सृजनशीलता फुलवा, लिंक भरा
जिल्हा परिषद शाळेतल्या होतकरू तंत्रस्नेही शिक्षकांसाठी दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका

शनिवारी रात्री पावणेदहाला फोन टुणकन वाजतो. केंद्राच्या ग्रुपवर निरोप आलेला असतो : ‘वर्गातील सृजनशीलता वाढीसाठी डिजिटल साधनांचा वापर. सर्व शाळांनी सोबतच्या लिंकवर माहिती भरावी. अतितातडीचे. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागलेली असते. रविवार संपलेला असतो, तोही उजाडण्याआधी.

घाबरू नका. डी.एड.ला असताना तुम्ही कागदाचे मुखवटे केलेत, मोज्याच्या बाहुल्या नाचवल्यात, मातीची फळं रंगवलीत. त्याला तेव्हा सृजनशीलता म्हणत नसत, कार्यानुभव म्हणत. ते सगळं आता विसरायचं आहे. एवढं जमलं की पुढचं सोपं आहे.

साहित्य : स्मार्टफोन १ (स्वतःचा), डेटा (स्वतःचा), टीव्ही १ (गावाचा), वीज (असल्यास), मुलं (पटावर असतील तेवढी).

पायरी १ : प्रशिक्षण घ्या

प्रशिक्षणाच्या दिवशी गट साधन केंद्रात अर्धा तास आधी पोहोचा आणि खांबाजवळची खुर्ची धरा. प्लगचा बोर्ड तिथेच असतो. २००१ साली एमएस-सीआयटी आली तेव्हा माऊस धरताना घाम फुटलेले गुरुजी आता निवृत्तीला आले. २०१७ साली ‘दीक्षा’ पोर्टल आलं, २०१९ साली ‘निष्ठा’ प्रशिक्षण आलं. अभ्यासक्रम बदलत गेले, प्लगसाठीची झटापट मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे.

सुरुवातीला तुमचे गट पाडले जातील. गटांना नद्यांची नावं असतील. तुम्ही भीमा. मग गोदावरी, कृष्णा, भीमा आणि तापी यांनी ‘डिजिटल युगातला वर्ग’ या विषयावर सादरीकरण करायचं. कशावर? चार्ट पेपरवर, स्केचपेनने. संगणकाचं चित्र काढायला गटात ज्याचा हात चांगला त्याला पुढे करा. खरा संगणकही सभागृहात असतो, पण तो एकच, आणि त्याला हात फक्त सुलभकांनी लावायचा. तोही पासवर्ड माहीत असणारे साहेब जेवून आल्यावर.

नवशिक्यांसाठी सूचना : प्रश्न विचारू नका. विचारणाऱ्याला पुढच्या प्रशिक्षणात सुलभक करतात.

पायरी २ : टीव्ही मिळवा

वर्ग डिजिटल करायचा तर भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही हवा. यासाठी ‘लोकसहभाग’ नावाची योजना आहे. यात लोकांनी सहभागी व्हायचं आणि तुम्ही दारोदार फिरायचं. ग्रामसभेत बोला, यात्रेला आलेल्या मुंबईकरांना गाठा, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर भावनिक व्हा. टीव्ही आला की त्याच्या चौकटीवर ऑइलपेंटने ‘सप्रेम भेट’ आणि देणगीदारांची नावं लिहून घ्या. तीन नावांपर्यंत पडदा मोकळा राहतो. चौथ्या नावापासून धड्याला कडा येते.

उद्घाटनाला नारळ वाढवा, पण जमिनीवर.

टीव्ही ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला तो खोका फेकू नका. वॉरंटीला लागतो. कपाटावर ठेवा, आणि मुलांना त्याकडे बघू देऊ नका. याचं कारण दहाव्या पायरीत कळेल.

आता विजेचं. वीजबिल सादिल अनुदानातून भरायचं असतं. सादिल कधी येणार, हे मृगाच्या पावसाला विचारण्यासारखं आहे. तोवर थकबाकी वाढते आणि एके दिवशी लाइनमन येतो. तो बहुधा तुमचाच माजी विद्यार्थी असतो. ‘गुरुजी, माफ करा,’ म्हणतो, पायाही पडतो आणि वायर काढून नेतो. संस्कार वाया गेले नाहीत, याचं समाधान माना.

पायरी ३ : भाषा सुधारा

साधन नंतर आलं तरी चालेल, शब्द आधी यावे लागतात. पुढची यादी पाठ करा.

गोष्ट सांगितली, असं म्हणू नका. ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ म्हणा.
मुलांनी गाणं म्हटलं, असं लिहू नका. ‘ऑडिओ कंटेंटची निर्मिती’ लिहा.
मुलं हसली. चूक. ‘एंगेजमेंट वाढली.’
पोळ्याला मुलांनी चिखलाचे बैल केले. चूक. ‘थ्रीडी मॉडेलिंग.’
बैलाचं एक शिंग मोडलं. ‘प्रोटोटाइपमध्ये सुधारणेस वाव.’

या एका यादीवर तुम्ही दोन शिक्षण परिषदा आणि एक नवोपक्रम स्पर्धा निभावून नेऊ शकता. प्रत्यक्षात वर्गात काही बदललेलं नसेल. पण ते अहवाल वाचणाऱ्याला कळणार नाही आणि वर्गात येणाऱ्याला अहवाल वाचायला सवड नसते.

पायरी ४ : साधन निवडा

बाजारात साधनं पुष्कळ आहेत. नवशिक्याने खालच्या क्रमाने निराश व्हावं.

(अ) कहूट. नॉर्वेत तयार झालेला प्रश्नमंजूषेचा खेळ. प्रश्न पडद्यावर दिसतो, प्रत्येक मूल आपापल्या उपकरणावर उत्तर दाबतं, लवकर दाबेल त्याला जास्त गुण. तुमच्या वर्गात मुलं बावीस, उपकरण एक, आणि तेही तुमच्या खिशात. म्हणून मुलांनी हात वर करायचे, तुम्ही मोजायचे, बहुमताचं बटण दाबायचं. याच पद्धतीला पूर्वी ‘हात वर करा’ म्हणत. आता मधल्या वेळात संगीत वाजतं.

(आ) प्लिकर्स. हे मात्र खरंच गरिबाघरचं साधन आहे. मुलांच्या हाती छापील कार्डं, प्रत्येकावर वेगळी काळी नक्षी. कार्ड ज्या बाजूने वर धराल तो पर्याय. गुरुजींनी आपला एकच फोन वर्गावरून फिरवायचा की सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. इतकं स्वस्त आणि सोपं साधन प्रशिक्षणात फारसं का दाखवत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पायरी १ मधली सूचना आठवा. कार्डं मात्र लॅमिनेट करून घ्या, कारण उन्हाळ्यात मुलं त्यांनी वारा घेतात आणि वारा घेणारं मूल अ, ब, क, ड ही चारही उत्तरं एकाच वेळी देतं.

(इ) स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली मुलांसाठी आणलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालतं. एकदा डाउनलोड करून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतं, म्हणजे तुमच्या शाळेला साजेसं. शाळेला मिळालेले तीन संगणक कपाटातून काढा, धूळ झटका, आणि त्यातला एक सुरू झाला तर मांजर दहा पावलं चालवून दाखवा. मुलं डोळे विस्फारून बघतील. मग खिचडीच्या वासाने खरं मांजर खिडकीतून आत येईल आणि सगळ्या माना तिकडे वळतील. पाठ तिथेच थांबवा. खऱ्या मांजराशी स्पर्धा करू नये.

(ई) जॅमबोर्ड. गूगलचा हा डिजिटल फळा. रंगीत चिठ्ठ्या चिकटवा, चित्रं काढा, सगळ्यांनी मिळून एकाच फळ्यावर लिहा. तुम्ही तो चिकाटीने शिकलात, टाचणात लिहिलात, इतरांना शिकवलात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गूगलने तो बंद केला. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वर्गातला लाकडी फळा मात्र अजून चालू आहे. डाव्या कोपऱ्यात पोपडे निघालेत, एवढंच.

(उ) कॅनव्हा. खरी कमाई इथे आहे. तयार नक्षी, तयार फुगे, तयार हसरी मुलं. उपक्रम घेण्याआधी उपक्रमाचं पोस्टर करता येतं. पोस्टर चांगलं झालं तर उपक्रम घेण्याची गरज फारशी उरत नाही.

पायरी ५ : चौकोन चिकटवा

जपानमधल्या डेन्सो वेव्हने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला क्यूआर कोड काढला. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकात नेला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरची रक्कम होती आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही हकीकत तुम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवली जाईल.

तिच्यातला मधला भाग सोडून द्यायचा असतो. मुलांच्या घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजींनी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत नेला, हे कष्टाचं काम आहे. ते लॅमिनेट होत नाही. आपण फक्त चौकोन घ्यायचा. शाळेच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या बुंध्यावर, पाण्याच्या टाकीवर, शौचालयाच्या दारावर कोड चिकटवा. स्कॅन कोण करणार, हा प्रश्न गौण आहे. फोटोत ते छान दिसतात.

दुसरीतली एखादी पोरगी त्या चौकोनात पेन्सिलीने वाट काढेल. या कोपऱ्यातून मुंगी शिरली तर त्या कोपऱ्यातून कशी बाहेर पडेल, ते शेजारणीला दाखवेल. तिला दटावा. तांत्रिकदृष्ट्या कोडला थोडीफार खाडाखोड सोसते, त्याची रचनाच तशी आहे. आपल्याला सोसत नाही.

पायरी ६ : ओटीपीचा माग काढा

खातं उघडण्यासाठी ओटीपी येईल. तो मुख्याध्यापकांच्या फोनवर येईल. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीत असतील. बैठकीचा विषय असेल ‘ओटीपी न आल्यास करावयाची कार्यवाही’.

स्वतःचा नंबर दिला असेल तर रेंज शोधा. प्रत्येक गावात रेंजची एक जागा ठरलेली असते. कुठे मारुतीच्या देवळाचा पार, कुठे टाकीची तिसरी पायरी, कुठे सरपंचांच्या गोठ्यामागचा उकिरडा. तिथे एक हात वर करून उभे राहा. गावकऱ्यांना सवय आहे, ते विचारणार नाहीत. वर्गावर तोवर चौथीतल्या मॉनिटरला बसवा. ओटीपीची मुदत दहा मिनिटं, शाळा ते टाकी चालत बारा मिनिटं. बाकी राहिलेल्या दोन मिनिटांचं उदाहरण मुलांना वजाबाकीसाठी घाला. गणिताचा तास फुकट गेला असं कुणी म्हणायला नको.

पायरी ७ : सृजनशील उपक्रम घ्या

ही पायरी टाळता येत नाही. बरेच प्रयत्न झाले आहेत.

चित्रकलेपासून सुरुवात करा. विषय द्या : ‘माझ्या मनातलं गाव’. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून टीव्हीवर एक नमुना लावून ठेवा : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी, कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड. पाहता पाहता बावीस मुलं आपापल्या मनातून हुबेहूब तेच गाव काढतील. तुमच्या तालुक्यात डोंगर नाही, नदीत मार्चनंतर क्रिकेट खेळतात आणि नारळ फक्त पूजेला येतो, याकडे लक्ष देऊ नका. सगळी चित्रं एकसारखी आली की शिक्षकाचं मार्गदर्शन दिसून येतं.

एक मुलगा नमुन्याकडे पाठ करून बसेल. तो नदीच्या जागी टँकर काढेल, टँकरमागे घागरींची रांग काढेल, रांगेत सगळ्यात पुढे केस मोकळे सोडून भांडणारी आजी काढेल. आजीच्या तोंडातून निघणाऱ्या शिव्या तो ढगासारख्या गोलात लिहील, बऱ्यापैकी शुद्ध. ते चित्र मागच्या रांगेत लावा. पाहुणे आले तर काढून ठेवा.

उपक्रमाला वेळ सात मिनिटं द्या. उरलेली तेहतीस पुढच्या पायरीला लागतात.

पायरी ८ : फोटो काढा

घडलं आणि फोटो नाही, म्हणजे घडलंच नाही. उलट, फोटो असेल तर घडण्यावाचून अडत नाही. या एका वाक्यावर सगळा तंत्रस्नेह उभा आहे. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फोटोसाठी जीपीएसवालं कॅमेरा ॲप घ्या. त्यात खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि तापमान उमटतं. सृजनशीलता किती अंश सेल्सिअसला फुलली, हे वर कळायला हवं. मुलांना तीन रांगांत बसवा. उंच मागे, ठेंगणी पुढे, शर्टाला बटणं असलेली मधे. ‘विचारात मग्न व्हा’ असं सांगा. हनुवटीला पेन्सिल लावली की मग्नता चांगली दिसते. कुणी खरोखरच विचारात मग्न झालं तर त्याला हलवून कॅमेऱ्याकडे बघायला लावा.

मग व्हिडिओ. संथ गतीने चालणारी मुलं, वरून पडणारी डिजिटल फुलं, मागे बासरी. शेवटी तुमचा फोटो गोल फिरत पुढे यावा आणि थांबावा. हे सगळं तुम्हाला रात्री अकरा ते एक करावं लागेल. यात रंगसंगती आहे, लय आहे, कथेची मांडणी आहे, चुकलं तर पुन्हा करण्याची जिद्द आहे. म्हणजे या संपूर्ण उपक्रमात सृजनशीलतेची संधी एका माणसाला तरी मिळाली. अभिनंदन.

पायरी ९ : लिंक भरा

लिंक उघडा. लाल फुली असलेले रकाने भरणं बंधनकारक आहे. शाळेचा यू-डायस क्रमांक टाका. मग केंद्र निवडा. तुमचं केंद्र यादीत दोनदा असेल, एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ. दोन्ही चुकीची असतील. त्यातलं शेजारच्या शाळेने निवडलेलं निवडा.

पुढे ‘सृजनशीलतेचा प्रकार’ : चित्रकला, हस्तकला, गायन, नृत्य, इतर. ‘इतर’ कधीही दाबू नका. दाबलंत की ‘इतर असल्यास तपशील द्या’ असा रकाना उघडतो आणि त्यात मराठी टाइप होत नाही. ‘सृजनशील विद्यार्थी संख्या’ : मुलं आणि मुली वेगवेगळ्या भरा, बेरीज स्वतः करा, फॉर्मला ती येत नाही. ‘सृजनशीलतेत झालेली वाढ (टक्के)’ : ऐंशी ते नव्वदच्या मध्ये काहीही. शंभर लिहिलंत तर पाहायला येतात, पन्नास लिहिलंत तर बोलावून घेतात.

फोटोची साइज दोन एमबीच्या आत हवी. तुमचा सहा एमबीचा असेल. तो लहान करणाऱ्या ॲपवर जाहिरात लागेल. जाहिरातीत एक आनंदी मूल टॅबलेटवर काहीतरी शिकत असेल. ती संपेपर्यंत बघा, वगळता येत नाही.

शेवटी या सर्व माहितीची प्रिंट काढून तीन प्रतींत केंद्रात जमा करा. डिजिटल कामाचा कागद हातात असलेला बरा.

पायरी १० : विनापरवाना सृजनशीलतेपासून सावध राहा

या पायरीबद्दल कुठलंही प्रशिक्षण बोलत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

समजा, वीज गेली आहे. टीव्ही काळा पडला आहे. तुम्ही रेंज शोधत टाकीकडे गेला आहात. परत येताना वर्गातून हसण्याचा आवाज येतो. असा आवाज आला की समजावं, खोका कपाटावरून खाली आला आहे.

दारातून पाहाल तर खोक्याला पुढून चौकोनी भोक पडलेलं असेल, कंपासपेटीतल्या पट्टीने कापलेलं, ओबडधोबड. आत तिसरीतला एक जण बसून बातम्या देत असेल. ‘आजच्या ठळक बातम्या. गावात टँकर आला नाही. गुरुजी टाकीवर गेले आहेत.’ चौकटीवर खडूने नावं असतील : ‘सप्रेम भेट’, आणि खाली बावीसच्या बावीस मुलं. समोर उरलेला वर्ग मांडी घालून बसलेला. ती मुंगीला वाट दाखवणारी पोरगी रिमोट म्हणून डस्टर धरून उभी. तिने डस्टर दाबला की खोक्यातलं पोरगं बदलतं, गाणं लागतं, कार्टून लागतं, शेतीच्या औषधाची जाहिरात लागते.

मग अचानक बातम्या देणारा तोंड उघडं ठेवून गप्प होतो. शेजारचा पोरगा त्याच्या तोंडापुढे एक बांगडी धरून गोल गोल फिरवायला लागतो. आतून कुणीतरी सांगतं, ‘थांबा, फिरतंय अजून.’ सगळा वर्ग शहाण्यासारखा वाट बघतो. त्यांनी पाहिलेला टीव्ही असाच असतो. मधे चक्र फिरल्याशिवाय तो खरा वाटत नाही. शेवटी मागच्या ओळीतून आवाज येतो, ‘ओटीपी सांग रे त्याला!’ कुणी चार आकडे ओरडतं, बांगडी बाजूला होते आणि बातम्या पुढे सुरू होतात. टँकरवाला चित्रकार हवामान सांगतो. त्याच्या आजीकडून आलेला अंदाज आहे, शिव्या गाळलेल्या.

इथे नवशिके हमखास चुकतात. ते दारातच उभे राहतात. मग आत येतात. मग मागच्या ओळीत, मुलांच्या मधे, मांडी घालून बसतात. पोटात दुखेपर्यंत हसतात. खोक्याची वॉरंटी गेलेली असते, तास संपलेला असतो आणि फोन खिशातच राहिलेला असतो.

झालं ना? एकही फोटो नाही. अक्षांश नाही, रेखांश नाही. व्हिडिओ नाही. मुलांना पुन्हा करायला सांगाल, तर ती ताठ बसतील आणि हनुवटीला पेन्सिल लावतील.

आता एकच मार्ग उरतो. मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत आहे. टाकीच्या तिसऱ्या पायरीवर जा, हात वर करा, लिंक उघडा. ‘आज वर्गात घेतलेले सृजनशील उपक्रम’ या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा : निरंक.

हिरवी खूण येईल आणि खाली ओळ उमटेल : ‘धन्यवाद. तुमचा प्रतिसाद नोंदवला गेला आहे.’